छोट्या विमानातला बिनतिकिटाचा प्रवासी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी लिहून दिलेलं)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘माझे उड्डाण’ असा विषय छापला आहे. तो संयोजकांनी ठरवला. मला विचारलं असतं तर मी जरा कमी भारदस्त काहीतरी सुचवलं असतं. मी काही मोठं जेट चालवत नाही. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते, बरीच वर्षं अमेरिकेत मिशिगन राज्यात राहते, आणि सहा वर्षांपूर्वी हौस म्हणून छोटं विमान चालवायचं लायसन्स काढलं. आमच्या क्लबचं विमान म्हणजे सेस्ना १७२. एक इंजिन, पुढे पंखा, चार सीट, आणि आत बसलं की जुन्या फियाटमध्ये बसल्यासारखं वाटतं. आई अजूनही फोनवर सांगते, “जपून जा गं, हळू चालव.” विमान फार हळू चालवलं तर खाली पडतं, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

वरून तळी कशी दिसतात, ढगात शिरल्यावर कसं वाटतं, हे सगळं फोटोंत आहे आणि फोटो आपल्या ग्रुपवर टाकलेले आहेत. आज मी एका वायूबद्दल बोलणार आहे. कार्बन मोनॉक्साइड. छोटी विमानं चालवणाऱ्यांच्यात याच्याबद्दल जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. आणि तुमच्यापैकी बहुतेक जण असं विमान कधी चालवणार नसलात तरी हा वायू तुमच्याही घरात येऊन जाऊन असतो, त्याकडेही मी येणार आहे.

आपल्याला हा वायू नववीत भेटला होता. बाईंनी फळ्यावर कार्बन डायऑक्साइड लिहिला, मग एक ओ पुसला, आणि म्हणाल्या, हवा पुरली नाही की एवढंच होतं. परीक्षेत दोन मार्कांना ‘अपूर्ण ज्वलन’ लिहायचं आणि सुटायचं. त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही, हेही पाठ केलं होतं. मात्र शरीरात शिरून तो नक्की काय करतो, हे मला नीट कळलं ते विमान शिकताना.

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे एसटीची गाडी समजा. फुप्फुसाच्या स्टँडवर ऑक्सिजन चढतो, मेंदू, हृदय, स्नायू असे थांबे येतील तसा उतरतो. कार्बन मोनॉक्साइड त्याच स्टँडवर येतो, खिडकीतून रुमाल टाकतो आणि सीट धरतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणजे हवेत तो अगदी थोडा असला तरी हळूहळू सगळी गाडी त्याची होते. एकदा बसला की तासन्‌तास उठत नाही. आणि एवढ्यावर भागत नाही. बाकीच्या सीटवर जो ऑक्सिजन बसला आहे त्यालाही हा धड उतरू देत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटल्यावर हिमोग्लोबिन उरलेला ऑक्सिजन अधिक घट्ट धरून ठेवतं. गाडी भरलेली, धावतेय, आणि थांब्यावर उतरत कोणी नाही. रक्तातल्या किती टक्के सीट या वायूने अडवल्या आहेत, तो आकडा तपासणीत मोजता येतो. पुढे मी टक्के म्हणेन तेव्हा हे टक्के.

आता विमानात हा येतो कुठून?

मोठ्या जेट विमानाने प्रवास करणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. तिथे केबिनची हवा इंजिनाच्या पुढच्या भागातून, इंधन जळायच्या आधीच काढून घेतलेली असते. प्रश्न आहे तो पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांचा. यांचं इंजिन मोटारीच्या इंजिनासारखंच, पण हवेने थंड होणारं. मोटारीत हीटरला गरम पाणी मिळतं, इथे पाणीच नाही. म्हणून एक सोपी युक्ती केलेली असते. एक्झॉस्टच्या सायलेन्सरभोवती पत्र्याचं एक आवरण असतं. बाहेरची थंड हवा त्या दोहोंच्या मधून फिरवायची, सायलेन्सरच्या अंगावर तापवायची आणि केबिनमध्ये सोडायची. युक्ती छान आहे. फक्त धूर आणि तुमची श्वासाची हवा यांच्यामध्ये एक पातळ पत्रा एवढंच अंतर असतं, आणि तो पत्रा दर उड्डाणात शेकडो अंश तापतो, थंड होतो, थरथरतो. कधी ना कधी त्याला केसासारखा तडा जातो. तो वरच्या आवरणाखाली असल्यामुळे आवरण काढल्याशिवाय दिसत नाही. दुसरी वाट म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत. तिच्यातून तारा, केबल, नळ्या जातात. एखादं रबर झिजलं, एखादा बोल्ट गळाला, की तिथून धूर आत येतो.

मोटारीच्या धुरापेक्षा हा धूर वाईट असतो. उड्डाण करताना इंजिनाला मुद्दाम जास्त पेट्रोल आणि कमी हवा देतात, म्हणजे बाईंचं अपूर्ण ज्वलन. मोटारीत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. या विमानांत नसतो, आणि बसवला तरी टिकणार नाही, कारण विमानाच्या पेट्रोलमध्ये अजून शिसं घातलेलं असतं आणि शिशाने कन्व्हर्टर निकामी होतो. मोटारीच्या पेट्रोलमधलं शिसं आपण केव्हाच काढलं.

मिशिगनच्या जानेवारीत बाहेर उणे पंधरा असतं. हीटर पूर्ण उघडल्याशिवाय बोटं चालत नाहीत. म्हणजे नेमकं ज्या दिवशी खिडक्या, झडपा सगळं बंद, त्याच दिवशी हीटर सुरू.

जानेवारी १९९७ मधली एक घटना मला प्रशिक्षकांनी सांगितली होती. न्यूयॉर्कजवळच्या फार्मिंगडेल विमानतळावरून एक पायपर डकोटा विमान उत्तरेला सॅरनॅक लेककडे निघालं. चालवणारा मुलगा, अनुभवी. शेजारी त्याची ७१ वर्षांची आई, तिच्याकडेही लायसन्स होतं, पण अनुभव थोडा. अर्ध्या तासानंतर रेडिओवर आईचा आवाज आला, माझा मुलगा बेशुद्ध पडलाय. नियंत्रकांनी तिला धीर देत विमान उतरवायचा प्रयत्न केला. मदतीला एक हेलिकॉप्टर जवळ पाठवलं. ती बोलत होती, उत्तरं देत होती. मग उत्तरं तुटक व्हायला लागली आणि थांबली. विमान ढगात शिरलं आणि न्यू हॅम्पशायरच्या जंगलात कोसळलं. दोघंही गेली. रक्तात मुलाच्या ४३ टक्के आणि आईच्या ६९ टक्के कार्बन मोनॉक्साइड होता.

रेडिओवरचं ते बोलणं ऐकणाऱ्यांना वाटलं असेल की मुलाला हृदयविकाराचा झटका आलाय आणि आई ठणठणीत आहे. मला यातलं भयंकर हेच वाटतं. त्या विमानातली जी व्यक्ती ‘बरी’ होती, तीही तीच हवा घेत होती. हीटर बंद करा, ताजी हवा उघडा, एवढं वाक्य त्या अर्ध्या-पाऊण तासात कोणाच्या तरी डोक्यात यायला हवं होतं. पण विमानात धोक्याचा इशारा देणारं दुसरं काही नव्हतं, आणि बाहेरच्यांना कळायला मार्ग नव्हता.

त्याच वर्षी कॅन्ससमधला एक डॉक्टर आपल्या विमानाने टोपेकाला निघाला होता. एकटाच. ऑटोपायलट लावला आणि त्याला झोप लागली. विमान टोपेकावरून पुढे गेलं, कॅन्सस ओलांडून मिझुरी राज्यात शिरलं, आणि इंधन संपल्यावर आपलं आपण तरंगत एका गवताच्या शेतात उतरलं. तो जागा झाला, चालत जवळच्या घरी गेला. काही तासांनी रक्त घेतलं तेव्हाही २७ टक्के भरले. असं नशीब दहा हजारात एकाचं. पण मला त्यात वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. तो डॉक्टर होता. कार्बन मोनॉक्साइडची लक्षणं त्याला आपल्यापेक्षा नक्कीच जास्त पाठ असणार. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी, हात जड होणं, साधी बेरीज न जमणं. पाठ असून उपयोग झाला नाही, कारण लक्षण ओळखायचं काम ज्या मेंदूने करायचं तोच सगळ्यात आधी झोपतो. आणि झोपायच्या आधी तो घाबरत नाही, छान सुस्तावतो. लक्षणंही अशी की प्रत्येकाला दुसरं कारण तयार. थंडी आहे, रात्री झोप कमी झाली, सकाळपासून पोटात काही नाही, आठ हजार फुटांवर हवा विरळ आहे. हवा विरळ असते हे खरंच, आणि तो परिणाम या विषाच्या परिणामात मिळतो. जमिनीवर जेवढ्याने नुसतं डोकं दुखलं असतं तेवढ्याने वर माणूस चुका करायला लागतो.

इथे माझ्या धंद्यातलं थोडं सांगते. आम्ही जे सर्व्हर चालवतो त्यांच्यावर रात्रंदिवस लक्ष ठेवावं लागतं. नवीन मुलं कामावर आली की ती हमखास एक प्रोग्राम लिहितात, जो त्याच सर्व्हरवर बसून विचारतो, “बरा आहेस ना?” सर्व्हर बरा असतो तोवर तो “बरा आहे” म्हणतो. आजारी पडला की तो प्रोग्रामही त्याच्याबरोबर आजारी पडतो आणि गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याला सगळे ‘तक्रार नाही’ असं समजतात. म्हणून तब्येत विचारणारा नेहमी बाहेरचा लागतो. ज्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते तपासायचंय, त्यालाच विचारून कसं चालेल? वैमानिकाचंही असंच आहे. इंजिनाचं तापमान, तेलाचा दाब, इंधन, उंची, सगळं दाखवणारी तबकडी समोर असते. स्वतःच्या रक्ताची तबकडी नसते.

तुम्हाला एमिलियानो साला आठवत असेल, निदान फुटबॉल बघणाऱ्यांना. अर्जेंटिनाचा २८ वर्षांचा खेळाडू. जानेवारी २०१९ मध्ये फ्रान्सच्या नांतने त्याला इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळणाऱ्या कार्डिफला विकलं, त्या क्लबची तोवरची सगळ्यात महाग खरेदी. २१ जानेवारीच्या रात्री एका पायपर मालिबू विमानातून तो कार्डिफला निघाला आणि इंग्लिश खाडीत गर्न्सी बेटाजवळ विमान नाहीसं झालं. दोन आठवड्यांनी समुद्राच्या तळाशी अवशेष सापडले. सालाचा मृतदेह मिळाला, वैमानिकाचा कधीच मिळाला नाही. सालाच्या रक्तात ५८ टक्के कार्बन मोनॉक्साइड होता. पन्नासच्या वर गेलं की सहसा जीवघेणं मानतात.

ब्रिटनच्या विमान अपघात चौकशी शाखेने मार्च २०२० मध्ये अहवाल दिला. रात्रीची वेळ, खराब हवामान, वळण घेताना वैमानिकाचा ताबा सुटला, वेग फार वाढला आणि विमान हवेतच तुटलं. त्याला रात्री उडवायची परवानगी नव्हती आणि पैसे घेऊन प्रवासी न्यायचीही नव्हती. उड्डाण जुळवून देणाऱ्याला पुढे तुरुंगवास झाला. वर्तमानपत्रांनी याच गोष्टी लावून धरल्या, आणि त्या गंभीर आहेतच. पण त्या विमानात प्रवासी आणि वैमानिक यांच्यामध्ये भिंत नसते. मागच्या माणसाच्या रक्तात ५८ टक्के असेल तर पुढचा माणूस कोणत्या अवस्थेत विमान वळवत असेल? वैमानिकावर या वायूचा परिणाम झाला असण्याची दाट शक्यता आहे, असं अहवालाने म्हटलं. विमानात इशारा देणारं यंत्र नव्हतं, हेही नोंदवलं.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की हीटर म्हणजे थंडी, आपल्याकडे काय. तर ३१ डिसेंबर २०१७ ची सिडनीची गोष्ट ऐका. डिसेंबर म्हणजे तिकडे भर उन्हाळा. पाण्यावर उतरणारं एक बीव्हर विमान पाच पाहुण्यांना जेवणाच्या ठिकाणाहून परत आणत होतं. वैमानिकाचा अनुभव दहा हजार तासांहून जास्त. उड्डाण केल्यावर विमान अकारण एका अरुंद खाडीत वळलं, जिथून वर निघायला जागा नव्हती, मग एकदम तीव्र उजवं वळण आणि पाण्यात. सहाही जण गेले. दोन वर्षं तपास करणाऱ्यांना कळेना की इतका जाणता माणूस तिथे वळला का. मग तपासात घेतलेल्या एका वैद्यकीय तज्ज्ञाने सुचवलं, जपून ठेवलेल्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड बघा. २०२० मध्ये बघितलं. वैमानिकाच्या रक्तात ११ टक्के, दोन प्रवाशांत १० आणि ९. एक्झॉस्टच्या नळीला जुने तडे होते आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या भिंतीतले काही बोल्ट गायब होते, त्या भोकांतून धूर आत येत होता. शिवाय प्रवासी चढायच्या आधी वैमानिक इंजिन सुरू ठेवून सत्तावीस मिनिटं पाण्यावर फिरत होता.

अकरा टक्के म्हणजे बेशुद्धी नव्हे. दिवसभर सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात याच्या जवळपास सापडू शकतात. माणूस बसलेला असतो, बोलत असतो, हसतही असेल. फक्त कुठे वळायचं हा निर्णय चुकतो. म्हणून मला वाटतं की ‘वैमानिकाची चूक’ असा शिक्का मारून बंद केलेल्या जुन्या फायलींत अशा आणखी काही गोष्टी असणार. हे माझं मत आहे, पुरावा नाही. पण सिडनीचं ते रक्त जपून ठेवलेलं नसतं तर तीही फाइल तशीच बंद झाली असती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८२ ते २०२० या काळातले अपघात तपासले. ३१ अपघातांचं कारण कार्बन मोनॉक्साइड निघालं, त्यांतले २३ जीवघेणे, ४२ माणसं गेली. आकडा लहान वाटेल. एवढ्या वर्षांत बेचाळीस म्हणजे आपल्या एका घाटातला एका पावसाळ्याचा आकडा, असं कोणी म्हणेल. पण त्या ३१ विमानांपैकी फक्त एकात हा वायू ओळखणारं काहीतरी होतं, आणि तेही आवाज करणारं नव्हतं.

ते ‘काहीतरी’ काय असतं तेही सांगते. स्वस्तातलं एक पुठ्ठ्याचं किंवा प्लॅस्टिकचं कार्ड, मध्ये नारंगी ठिपका. वायू आला की ठिपका काळपट होतो. आमच्या क्लबच्या विमानातही ते चिकटवलेलं आहे. उघडल्यावर काही महिन्यांत ते निकामी होतं, उन्हाने रंग उडतो, आणि काच पुसायच्या रसायनाने बिघडू शकतं. हे सगळं ठीक असलं तरी ठिपका काळा झालाय हे बघायचं कोणी? ज्याला गुंगी आलीय त्याने! म्हणजे पुन्हा आजारी सर्व्हरला तब्येत विचारणं आलं.

त्यापेक्षा हे बरं. (इथे मी खिशातून डबी काढून दाखवली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी.) यात एक रासायनिक सेन्सर आहे, बॅटरी आहे, आणि भोंगा आहे. हवेत दहा लाख भागांत किती भाग कार्बन मोनॉक्साइड आहे तो आकडा पडद्यावर दिसतो. पन्नासला ओरडते. पन्नास का, तर अमेरिकेच्या विमानांच्या नियमातच केबिनमध्ये वीस हजारात एक भागापेक्षा जास्त नको असं म्हटलंय, आणि वीस हजारात एक म्हणजे दहा लाखात पन्नास. गंमत बघा, मर्यादा नियमात आहे पण ती मोजणारं यंत्र बसवायची सक्ती नव्हती. २००४ मध्ये सुरक्षा मंडळाने सक्ती करा म्हणून सांगितलं, विमान खात्याने ‘वापरा असा सल्ला देतो’ म्हणून भागवलं. २०२२ मध्ये मंडळाने पुन्हा तेच सांगितलं.

कोणी म्हणेल, घरात लावायचा अलार्म मिळतो, तोच विमानात ठेवू. आमच्या क्लबमधल्या एका काकांनी तसं केलंही होतं. घरचा अलार्म मुद्दाम सावकाश बनवलेला असतो. स्वयंपाक जरा करपला म्हणून मध्यरात्री सगळं घर उठू नये यासाठी. अमेरिकन मानकाप्रमाणे सत्तर भाग असतील तर तो वाजायला एक ते चार तास घेऊ शकतो. चार तासांत सेस्नाची टाकी संपत आलेली असते. अलार्म कधी वाजवायचा आणि कधी गप्प बसायचं, यावर मी नोकरीत आयुष्याची पंधरा वर्षं भांडले आहे. लवकर वाजवला तर लोक वैतागून तारा काढतात, उशिरा वाजवला तर वाजवून उपयोग नाही. घरात आणि विमानात याचं उत्तर वेगळं येतं, म्हणून डबी वेगळी.

माझी डबी एकदाच खऱ्या अर्थाने ओरडली आहे. धावपट्टीच्या रांगेत एका विमानाच्या मागे उभी होते, वारा त्याच्याकडून माझ्याकडे. आकडा वीस, तीस, बघता बघता पन्नासच्या वर. नाक घासून हुंगलं तरी फारसं काही जाणवत नव्हतं. हीटर बंद केला, विमान जरा मागे आणि वाऱ्याला आडवं घेतलं, दोन मिनिटांत आकडा खाली. दोष कोणाचा नव्हता. पण पुढच्या आठवड्यात क्लबच्या मेकॅनिककडून सायलेन्सरचं आवरण काढून तडा नाही ना, हे बघून घेतलं. नव्हता.

हवेत असताना वाजलं तर काय करायचं हे ठरलेलं आहे आणि ते विचार न करता करायचं, कारण विचारावरच भरवसा नसतो. हीटर बंद. ताज्या हवेच्या झडपा पूर्ण उघड्या. ऑक्सिजनची नळकांडी असेल तर नाकाला. रेडिओवर स्पष्ट सांगायचं की कार्बन मोनॉक्साइडचा संशय आहे, म्हणजे तिकडच्या शहाण्या माणसाला तुमच्या उत्तरांवर लक्ष ठेवता येतं. आणि जवळच्या विमानतळावर उतरायचं, घरच्या नव्हे. उतरल्यावर बरं वाटलं म्हणून परत उडायचं नाही. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात. हॉस्पिटलात शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास.

आता घराकडे येते. कोविडात आपण सगळ्यांनी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घेतलं. त्याच्यावर इथे भरवसा ठेवू नका. त्याला ऑक्सिजन बसलेली सीट आणि कार्बन मोनॉक्साइड बसलेली सीट यांतला फरक कळत नाही, दोन्ही त्याला लालच दिसतात. माणूस बेशुद्ध पडलेला आणि आकडा अठ्ठ्याण्णव, असं होऊ शकतं. खरा आकडा रक्त तपासूनच कळतो, आणि ते तपासा असं डॉक्टरांना कोणीतरी सांगावं लागतं. आपल्या बॅचमध्ये तीन डॉक्टर आहेत, ते माना डोलावतायत.

हे सांगायचं कारण गॅस गिझर. आपल्या गावात कितीतरी घरांत तो बाथरूमच्या आतच लावलेला आहे. बाथरूम पाच बाय चार, खिडकीची काच थंडीत लावलेली, दार बंद, शॉवर सुरू. विमानाच्या केबिनचीच ही धाकटी बहीण. बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली, दार तोडावं लागलं, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. पूर्वी लोक म्हणायचे, हार्ट असेल. गिझर बाहेर बाल्कनीत किंवा उघड्या डक्टमध्ये हलवायचा आणि फक्त पाण्याची नळी आत घ्यायची, प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. तेवढं होईपर्यंत बादली भरून घ्या, गिझर बंद करा, मग आंघोळीला जा. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीपाशी झोपणं, बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवणं, हे तर तुम्हाला माहीतच आहे.

ब्रिटनने मात्र साला प्रकरणानंतर बऱ्याच वर्षांनी का होईना, पाऊल उचललं. १ जानेवारी २०२५ पासून तिकडे पिस्टन इंजिनाच्या विमानात वैमानिक नसलेला प्रवासी बसवायचा असेल तर आवाज करणारं किंवा दिवा लावणारं यंत्र सोबत असलंच पाहिजे. एकटे उडत असाल तर सक्ती नाही. तुमचा जीव तुम्ही बघा, पण शेजारी बसलेल्याला माहीत नसतं की आपण काय श्वासात घेतोय, म्हणून त्याच्यासाठी नियम. मला ही विभागणी पटते. त्या रात्री विमानात बसताना सालाने कोणता प्रश्न विचारायला हवा होता, हे त्याला कोण सांगणार होतं?

माझा वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय. ही डबी मी जेवणाच्या मांडवात पहिल्या टेबलावर ठेवते, हवी त्याने हातात घेऊन बघा. सर, तुम्ही आधी. फक्त आचाऱ्यांच्या चुलीजवळ कोणी नेऊ नका, ती ओरडेल आणि जिलेबी करपेल.